काठावरचा सोबती

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर १५ जण एका विलक्षण शर्यतीस उभे राहिले. समुद्रात सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, मग सायकलने सुमारे १८० किलोमीटर जाणे आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप होते. जॉन व ज्युडी कॉलिन्स या दांपत्याने योजलेली हीच पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत. प्रत्येक स्पर्धकाने आपले मदतनीस स्वतःच आणावयाचे होते. जॉन डनबार हा स्पर्धक आघाडीवर असताना त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर प्यावयास दिली. गॉर्डन हॅलर त्याला मागे टाकून ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. डनबारला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. एकूण १२ जणांनी शर्यत पुरी केली. डनबारच्या मित्रांच्या प्रेमात काही उणे नसावे. उणी होती ती तयारी. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे हेही शिकण्याचे काम आहे, हा धडा या खेळाने पहिल्याच दिवशी दिला.

या अंतरांची कल्पना डहाणूकरांना रेल्वेच्या हिशेबाने चटकन येईल. चर्चगेट ते डहाणू रोड हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर. म्हणजे आधी समुद्रात पोहून यावे, मग सायकलने डहाणूहून चर्चगेट गाठून परतीच्या वाटेवर जवळजवळ विरारपर्यंत यावे आणि तेथून बोईसरच्या आसपास धावत पोहोचावे, एवढा हा पल्ला. आणि तो साधारणतः १६ ते १७ तासांच्या आत संपवावयाचा. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिच येथे ही शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली, तेव्हा अनेक मराठी घरांत हे नाव प्रथम पोहोचले. २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर तिचे अर्ध्या अंतराचे रूप अवतरले : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. आपल्या भागातील एखाद्याला हे वेड लागले, तर त्याच्यासोबत निघणाऱ्या मित्रास आता परदेशी जाण्याचे कारण उरलेले नाही.

मात्र सोबत पणजीत सुरू होत नाही. ती कित्येक महिने आधी, घराजवळच सुरू होते. डहाणूचा किनारा उथळ आहे. ओहोटीस पाणी दूरवर हटते आणि भरतीस वेगाने परतते. तेथे पोहण्याचा सराव करणाऱ्याने एकट्याने पाण्यात उतरू नये. भरतीच्या वेळा मच्छीमार बांधवांना विचारून घेणे, पोहणाऱ्याच्या कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधला आहे ना हे पाहणे आणि तो परत येईपर्यंत नजर न हटवणे, ही काठावरच्या मित्राची कामे. त्या अर्ध्या तासात मोबाइल खिशातच राहावा. सायकलच्या सरावासाठी नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी हा किनाऱ्यालगतचा रस्ता पहाटे शांत असतो. तलासरीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग रुंद असला तरी अवजड वाहनांचा आहे. सोय म्हणून तो निवडू पाहणाऱ्या मित्रास वेळीच अडविणे हीसुद्धा मैत्रीच होय.

शर्यतीच्या दिवशी मात्र भूमिका पालटते. १९७८ साली मदतनिसावाचून भागत नव्हते; आज बाहेरून मदत करण्यास मनाई आहे. पाणी, खाद्य, मीठ हे सारे आयोजकांच्या केंद्रांवर मिळते. आप्ताने प्रेमाने पुढे केलेली बाटली किंवा सोबत धावत दिलेली साथ स्पर्धकाला महागात पडू शकते. त्यासाठी त्याला बादही ठरविता येते. घोलवडचे गोड चिकू पिशवीत असतील, मित्र समोरून थकून जात असेल, तरी हात आवरावा लागतो. ज्याच्यासाठी एवढ्या दूर आलो, त्याला काहीच देता येऊ नये, ही गोष्ट प्रथम जाचते. परंतु हा संपूर्ण पल्ला त्याने स्वतः पार केला, असे नंतर निःशंकपणे म्हणता यावे, म्हणूनच हा नियम आहे.

मग उरते काय? पुष्कळच उरते. मित्राचा अंदाजे वेग आधी विचारून तो कोणत्या वेळी कोठे असेल याचा कागद करून ठेवावा. मार्गात फेऱ्या असतील तर तो पुनःपुन्हा दिसतो. गर्दीच्या ठिकाणापेक्षा जेथे कोणीच नसते अशा एकाकी वळणावर उभे राहावे. हाक नावानेच मारावी. ‘आता थोडेच राहिले’ असे खोटे आश्वासन देऊ नये. ज्याला अजून १० किलोमीटर धावावयाचे आहे, त्याला ते बोचते. त्याची पत्नी, आईवडील वा मुले सोबत असतील, तर त्यांना सावली, जेवण व बातमी मिळत राहील हे पाहावे. स्पर्धकाच्या मनावरचे खरे ओझे पुष्कळदा तेच असते, आणि ते उचलण्यास कोणताही नियम आड येत नाही.

याहून मोठी जबाबदारी म्हणजे थकवा आणि धोका यांतील भेद ओळखणे. उष्ण हवेत तासन्‌तास श्रम केल्याने पाय गोळा होणे, चेहरा उतरणे स्वाभाविक आहे. परंतु बोलणे असंबद्ध होणे, ओळख न पटणे, झोकांड्या जाणे, वारंवार उलट्या होणे ही लक्षणे दिसताच लगेच वैद्यकीय पथकाला हाक द्यावी. केवळ साधे पाणी अतोनात प्यायल्यानेही रक्तातील सोडिअम घातक पातळीपर्यंत घटू शकते. म्हणून ‘पाणी पी, पाणी पी’ हा धोशा सर्वांत भला सल्ला नव्हे.

१९८२ च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस ही तरुणी हवाईतील याच शर्यतीत आघाडीवर असताना शेवटच्या काही मीटरवर कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून पहिली आली. ज्युली रांगत रांगत रेषेपाशी पोहोचली. दूरचित्रवाणीवरील त्या दृश्याने असंख्यांना या खेळाकडे ओढले. पण पडद्यावर पाहणाऱ्याला जे शौर्य वाटते, ते समोर उभ्या असलेल्या मित्राने वेगळ्या डोळ्यांनी पाहावयास हवे. ‘हार मानू नकोस’ हे शब्द उच्चारण्यास सोपे आहेत. ‘आज थांबलास तरी चालेल’ हे म्हणण्यास अधिक धैर्य लागते, आणि ते ऐकण्याची त्याची तयारी असावी, यासाठी दोघांत हा विषय शर्यतीपूर्वीच बोलून झालेला असावा.

वेळेची मर्यादा चुकून कोणी मध्येच बाद झाला, तर सोबत्याची खरी कसोटी त्यानंतर असते. कारणे विचारू नयेत, तुलना करू नये, लगेच पुढच्या वर्षाची भाषा काढू नये. कोरडे कपडे द्यावेत, सायकल ताब्यात घ्यावी, घरी फोन आपणच करावा. पुढच्या खेपेस पाण्यात उतरावे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. त्याने ठरविलेच, तर डहाणूच्या किनाऱ्यावर पुन्हा पहाटे त्याचे कपडे सांभाळत, पाण्यावर नजर ठेवून कोणीतरी उभे असावे, एवढेच मैत्रीकडून अपेक्षित आहे.