पुष्य-आश्लेषाचं पाणी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे हेच आकडे 39 आणि 43. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते हलत नाहीत. नदी मात्र दर नक्षत्राला बदलत असते. आपण फूट मोजतो आणि तारीख विसरतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

सध्या आर्द्रा चालू आहे. बंधाऱ्यांचे बरगे निघालेत, घाटात पाऊस लागलाय आणि तरीही नदीकाठ निवांत आहे. त्याला कारण आहे. उन्हाळ्यात भेगाळलेली रानं पहिलं पाणी पिऊन टाकतात, ओढे अजून धड वाहते झालेले नसतात आणि धरणांत जागा असते. कोयनेची क्षमता 105 टीएमसी. एक लाख क्युसेक पाणी दिवसभर आत येत राहिलं तरी साडेआठ टीएमसीच्या आसपास भर पडते. धरण निम्म्याहून रिकामं असेल तर असे चार-पाच दिवस ते पोटात घालतं आणि सांगलीत कुणाला पत्ताही लागत नाही.

तोच पाऊस जुलैच्या अखेरीस आला की गणित फिरतं. तरणा (पुनर्वसू) सरून म्हातारा (पुष्य) लागलेला असतो. रानात पाय घोट्यापर्यंत रुततो, डोंगरउतारांना उपळ फुटलेले असतात, पडेल तो थेंब थेट ओढ्याला लागतो. त्यातच सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोघीही तुडुंब असल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाट राहत नाही. मग ते मागे फुगत येतं. पंचगंगेच्या वरच्या अंगाला राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की उघडतात, त्यांना खालच्या पुराशी देणंघेणं नसतं.

2005 चा महापूर जुलैच्या अखेरीस आला. 2019 चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, तेव्हा आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2021 चा 22 जुलैपासून. तिन्ही पूर पुष्य आणि आश्लेषातले. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी मळीत घर बांधायला का नको म्हटलं, ते या दोन नक्षत्रांत कळतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. 15 ऑगस्टपर्यंत धरणं भरण्याची घाई करू नये. जुलैच्या मध्यापासूनच पाणी पात्रात मावेल एवढं, थोडं थोडं सोडत राहावं आणि पुढच्या झडीसाठी पोटात जागा ठेवावी. यावर मिळणारं उत्तर मला ठाऊक आहे : पुढे पाऊस ओढला तर? टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्यावर जगणारी आटपाडी-जतकडची गावं आहेत, कोयनेच्या विजेचा प्रश्न आहे. ही भीती खोटी नाही. दुष्काळी रानातला माणूस भरलेल्या धरणाकडे कसा पाहतो, ते मी पाहिलं आहे. पण मघा ते उत्तरा हा सगळा पाऊस तेव्हा अजून शिल्लक असतो. महिनाभर उशिरा भरायला घेतलेलं धरण बहुतेक वर्षी भरतंच. आठवडाभर बुडालेला ऊस मात्र परत उभा राहत नाही. पोंग्यात गाळ गेला की तो जागेवर कुजतो.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठलंच धरण अडवत नाही. आणि धरणाच्या वरचा पाऊसही कधी आवाक्याबाहेर जातो : 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर कोसळला. अशा दिवशी धरणातली जागा पूर कमी करते, टाळत नाही.

आणि आश्लेषा गेली म्हणून सुटलो, असंही नाही. भीमा खोऱ्याच्या पूर्वेकडच्या भागाचं वेळापत्रक निराळं आहे. तिथला मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात बंगालच्या उपसागराकडून येतो, आणि तेव्हा भीमेवरचं उजनी धरण काठोकाठ असतं. ऑक्टोबर 2020 मध्ये काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं कमी दाबाचं क्षेत्र सोलापूरवरून गेलं आणि पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी वस्तीत शिरलं. 2025 च्या सप्टेंबरात सीनेनं माढा-मोहोळची गावं वेढली. हा पूर शेतकऱ्याला जास्त लागतो, कारण तोवर सोयाबीन काढणीला आलेलं असतं किंवा गंजी लागलेल्या असतात. बियाणं, खत, मजुरी सगळं घालून झालेलं असतं. जूनच्या पुरात पेरणी जाते, ती निदान दुबार करता येते.

पुष्य 20 जुलैच्या सुमाराला लागतं. त्याआधी एक गोष्ट करता येईल. कोयना, वारणा, राधानगरी, उजनी, प्रत्येक धरणात कोणत्या आठवड्यात किती पाणी ठेवायचं ठरलं आहे आणि आज प्रत्यक्षात किती आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर सोमवारी लिहावेत. जनावरं कधी हलवायची, ते मग गाव ठरवेल.