विहिरीत उडी मारण्याआधी

फ्रिजमधून दुधाची पिशवी काढून ओट्यावर ठेवेपर्यंत माझ्या तळव्याला खाज सुटते. मग हात गरम होऊ लागला की टपोऱ्या गांध्या उठतात. पावसात स्कूटरवरून भिजून आलं की मांड्या आणि दंड लालभडक होतात. आई आमसुलाचं पाणी चोळायची, आंबट आणि वांगं बंद करायची. कित्येक वर्षं मी जेवणातच दोष शोधत राहिले. दोष गारव्याचा होता.

हे थंडीचं पित्त. गारवा लागला की त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात आणि त्यानं अंग खाजतं, सुजतं. त्वचेचे डॉक्टर पिशवीतला बर्फाचा खडा हातावर साधारण ५ मिनिटं धरतात. खडा उचलल्यावर १० मिनिटांत तिथे गांधी उठली, की बहुतेक निदान झालंच. ही तपासणी दवाखान्यातच करून घ्या. गुंगी न आणणाऱ्या गोळ्या मिळतात, त्यांनी पुष्कळांना आराम पडतो. काहींचा त्रास काही वर्षांनी आपोआप जातोही.

खरी भीती आहे ती पोहण्याची. मे महिन्यात बाहेर ऊन रणरणत असतं, पण विहिरीचं पाणी गारच असतं. अशा पाण्यात उडी मारली की एकाच वेळी सगळं अंग गार पडतं, हिस्टामिन एकदम सुटतं, रक्तदाब कोसळतो. पट्टीचा पोहणाराही पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. म्हणून ज्या मुलाच्या अंगावर पाण्यातून बाहेर आल्यावर गांध्या दिसतात, त्याला "नाटकं करू नकोस" म्हणून पुन्हा पाण्यात लोटू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. बर्फाचा गोळा किंवा आईस्क्रीम खाऊन ओठ, जीभ सुजत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. घसा सुजला तर श्वास अडकतो.

ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला हा त्रास आठवणीनं सांगा. ते सलाईन कोमट करून देतात, अंग गरम ठेवतात. आपण सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं?

आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तरी एकट्यानं पाण्यात उतरू नका. काठावर जाणतं माणूस हवं, त्याला हा त्रास माहीत हवा. कुणाला पाण्यात घेरी आली तर लगेच बाहेर काढा, कोरडं करा, पांघरूण घाला, आडवं झोपवा, आणि आमसूल शोधत न बसता १०८ ला फोन लावा.