दातात किडा नसतो, किडीला कारण असते



माझी धाकटी बहीण तारकर्लीला दिली आहे. तिचा मोठा मुलगा पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेणाऱ्या होडीवर काम करतो. वेळ पडली तर पाहुण्यांबरोबर पाण्याखालीही उतरतो. त्याच्या खालच्या दाढेत काळा खड्डा पडला होता. थंड पाणी लागले की झिणझिण्या यायच्या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, हातात पैसा नाही, आणि नेमका तेव्हाच ठणका सुरू झाला. रात्रभर पोर गाल धरून बसायचा. लवंग झाली, दुखण्याच्या गोळ्या झाल्या. शेजारच्या एका आजीने तर धुरी देऊन दातातला किडा काढणाऱ्याकडे जायला सांगितले. आठ-दहा दिवसांनी ठणका आपोआप थांबला. "आता दुखणा नाय, बरो झालो!" म्हणून तो मोकळा झाला.

बरा मात्र झाला नव्हता. सीझन सुरू झाल्यावर तो पाण्यात खाली गेला आणि दाढेत खिळा ठोकल्यासारखी कळ आली. तसाच वर आला. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. काम बंद, रोजगार बंद. बहीण म्हणाली, "काढून टाक एकदाचो." सुदैवाने दंतवैद्याने तसे केले नाही. दाढ वाचली. कशी वाचली, ते आज समजून घेऊ.

कीड कशी वाढते?

दातात किडा नसतो. धुरी देणारे जो 'किडा' दाखवतात, तो हातचलाखीचा असतो. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. साखर, गूळ, बिस्किटे, चिकटून राहणारा मालवणी खाजा, असे काही खाल्ले की हे जंतू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे वरचे कठीण कवच विरघळवते. लाळ हळूहळू ते आम्ल निवळते, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. दिवसातून सहा वेळा गोड चहा आणि वर बिस्किट घेणाऱ्याच्या लाळेला उसंत मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे.

सुरुवातीला दातावर पांढुरका खडूसारखा डाग येतो. या टप्प्यावर फ्लोराइडची पेस्ट आणि स्वच्छता यांनी कीड थांबू शकते, दात सावरूही शकतो. मग कवच फुटते आणि कीड आतल्या मऊ थरात शिरते. तेव्हा थंड आणि गोड झोंबते. या टप्प्यावर साधे सिमेंट किंवा फिलिंग भरून काम भागते. तेही टाळले तर कीड दाताच्या गाभ्यापर्यंत जाते. तिथे रक्तवाहिन्या आणि नस असते. गाभा सुजतो, पण भोवती कठीण भिंत असल्याने सुजेला पसरायला जागा नसते. म्हणूनच तो रात्रीचा जीवघेणा ठणका.

त्यानंतर एक दिवस ठणका थांबतो. इथेच आपली माणसे फसतात. दुखणे थांबते ते नस मेल्यामुळे. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत असतात. तिथे पू होतो, गाल सुजतो. भाच्याचे असेच झाले होते. त्यात पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. किडलेल्या दातात अडकलेल्या हवेवर तो दाब आला की असह्य कळ येते. म्हणून पाण्यात उतरणाऱ्या आपल्या मुलांनी सीझनआधी दात तपासून घ्यावेत.

रूट कॅनाल म्हणजे काय?

रूट म्हणजे मूळ, कॅनाल म्हणजे नळी. दाताच्या मुळातील नळी साफ करून बंद करणे, एवढाच त्याचा अर्थ. आधी एक्स-रे काढतात. मग इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. दाताला वरून छिद्र पाडून केसासारख्या बारीक सुयांनी आतली सडलेली नस काढतात. पुढच्या दातात बहुधा एक नळी असते, दाढेत तीन-चार. प्रत्येक नळी औषधी पाण्याने धुऊन कोरडी करतात आणि रबरासारख्या गट्टापर्चा नावाच्या पदार्थाने घट्ट भरतात. हे काम एका बैठकीत किंवा दोन-तीन खेपांत होते. शेवटी दाढेवर कॅप बसवतात. ती टाळू नये. एवढा पोखरलेला दात चावताना तडकू शकतो, मग सगळा खर्च पाण्यात.

दात काढणे स्वस्त पडते, हे खरे. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात झुकतात, चावणे बिघडते, आणि पुढे कवळीचा खर्च येतो. ज्या दाताचे मूळ शाबूत आहे, तो वाचवावा. फारच पोखरला असेल, तर काढायलाही घाबरू नये. वरचा दात काढला की डोळे जातात, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

खर्चाची चिंता असेल तर मालवणचे ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचे शासकीय रुग्णालय येथे आधी चौकशी करावी. गोव्याच्या बाजूला बांबोळीला दंत महाविद्यालय आहे. मुंबईकरांसाठी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. रस्त्यावर बसणाऱ्याच्या हाती जबडा देऊ नका. मधुमेह, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

माता-भगिनींसाठी

सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांना मागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी दुधाचा दात पडत नाही, म्हणून आई तिला दुधाचीच समजते आणि ती किडते. ती दाढ जन्माची सोबतीण आहे, तिला जपा. झोपताना तान्ह्याच्या तोंडात दुधाची बाटली ठेवू नका. रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशइतकाच आवश्यक आहे, पेस्ट फ्लोराइडची घ्या. मिश्री सोडा. ती तंबाखूच आहे, हिरड्यांचा नाश करते आणि कर्करोगाला आमंत्रण देते. दुखऱ्या दातापाशी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, तातडीने रुग्णालय गाठा. अशी सूज जिवावर बेतते.

चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण करण्याची अनुज्ञा दिली आहे आणि ते न करण्याचे पाच तोटेही सांगितले आहेत. मुखाची दुर्गंधी हा त्यांतला एक. दातवण किती बोटे लांब असावे, हेसुद्धा तिथे आहे. तथागतांना ही बाब क्षुल्लक वाटली नाही, मग आपण का टाळावी? दुःख आहे तर त्याला कारण आहे, आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. धम्माची ही शिकवण दातालाही लागू पडते. धुरीने कारण जात नाही, गोळीनेही जात नाही.

भाचा आता पुन्हा पाण्यात उतरतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आवशीकय दात दाखवूक न्हेलंय." एका घरात एवढा बदल झाला, हेही थोडे नाही. तुमच्या घरात कोण गाल धरून बसले आहे, ते आज रात्री जेवताना विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!