फोर्डचा लाल रंग

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिटारकडेही तो मेकॅनिकच्या नजरेनं बघायचा. बॉडी वेगळी, नेक वेगळी. चार स्क्रूंनी जोडायची, नेक बिघडली तर काढून दुसरी बसवायची. १९५४ मध्ये बाजारात आलेली स्ट्रॅटोकास्टर ही अशी. व्हायोलिनवाल्या कारागिरांनी तेव्हा नाकं मुरडली असतील. भोसरी-चाकणच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला त्यात काही वावगं दिसत नाही. असेंब्ली आहे, एवढंच.

रंगही मोटारींचेच. जादा पैसे मोजणाऱ्याला फेंडर कंपनी ड्यूपाँटचे गाड्यांचे रंग मारून द्यायची. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डचा. माझी गिटार फिएस्टा रेड आहे, पण अमेरिकेतली नाही. साठच्या दशकातली अस्सल अमेरिकन घ्यायची तर दारातली गाडी विकावी लागेल, आणि तीही चांगली असायला हवी. फेंडरनं १९८२ मध्ये जपानमध्ये उत्पादन सुरू केलं, मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात. त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही. आपल्याकडून जपानला ट्रेनिंगला जाणारे इंजिनिअर काही कमी नाहीत. त्यांतल्याच एकानं टोकियोच्या ओचानोमिझु भागातून, जिथं वाद्यांच्या दुकानांची रांगच आहे, ती माझ्यासाठी आणली.

वाजवण्यापेक्षा सांभाळण्यातच जास्त वेळ जातो, हे आधीच सांगून टाकतो. पावसाळ्यात नेकचा बाक बदलतो आणि जुन्या पद्धतीच्या या गिटारमध्ये आतला रॉड फिरवायला नेकच सैल करावी लागते. मध्यंतरी एक पिकअप मुका झाला. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे, तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाड. भोसरीतल्या मोटर भरणाऱ्यानं ती चिमटीत धरली आणि म्हणाला, ‘‘साहेब, एवढी बारीक आम्ही नाही भरत.’’ शेवटी रिलेच्या कॉइल करणाऱ्या एका लहान शेडमध्ये काम झालं. तिथल्या माणसानं किती वेढे एवढंच विचारलं, कशाला ते नाही.

ही कॉइल तारांच्या कंपनाबरोबर विजेची घरघरही पकडते. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे खालच्या ‘जी’च्या किंचित वर. गुरुवारी, एमआयडीसीची सुट्टी असते तेव्हा, ती कमी होते असं मला वाटतं. बायको म्हणते, ‘‘मनाचे खेळ आहेत.’’ असतील. मी तरी गुरुवारीच वाजवतो.

चाकणला गाड्यांच्या कारखान्यात पेंटशॉपला असलेला माझा मित्र आला, की चहाआधी गिटार ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो. जपानी गिटारवरचा पॉलिएस्टरचा थर जाड असतो. तो झिजत नाही, त्याचा टवका उडतो. माझ्या गिटारला कडेनं असे बरेच टवके आहेत. ‘‘अरे, लाइनवर असं आलं असतं तर रीवर्कला गेलं असतं.’’ मी त्याला सांगितलं, की जुन्या गिटारला पुन्हा रंग दिला तर किंमत पडते, आणि १९९५ पासून फेंडर मुद्दाम झिजवलेल्या, टवके काढलेल्या नव्या गिटार जादा दरानं विकते. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ‘‘म्हणजे रिजेक्शनला जास्त पैसे?’’

मलाही हा प्रकार पटत नाही. पोचा वापरानं आला तरच त्याला मान. पण खरा टवका बुजवायचा नाही, यावर मी ठाम आहे. मित्राचा हट्ट सुरूच आहे: रंगाचा नंबर सांग, डबीभर मिक्स करून आणतो, कळणारही नाही. नंबर मला पाठ आहे. त्याला सांगितलेला नाही.