चोरीला गेलेला पेकिनीज



झोपेची गोळी मागायला येणाऱ्या ज्येष्ठांना मी प्रथम विचारतो, की निजण्यापूर्वी आपण काय पाहता? उत्तर बहुधा एकच असते: बातम्या. मग गोळीऐवजी मी एखादी हलकीफुलकी रहस्यकथा सुचवतो. अशाच एका निवृत्त शिक्षिका आजींना मी अगाथा ख्रिस्ती यांच्या १९४७ सालच्या ‘द लेबर्स ऑफ हर्क्युलिस’ या संग्रहातील पहिली कथा वाचायला सांगितली, आणि तिने मलाच कामाला लावले.

लंडनमधील एका धनिकाच्या पत्नीचा पेकिनीज जातीचा लाडका कुत्रा बागेतून नाहीसा होतो. त्याला फिरायला नेणारी पगारी सोबतीण बाबागाडीतल्या बाळाचे कौतुक करण्यात क्षणभर रमते आणि पाहते तो काय, हातात नुसता कापलेला पट्टा! दोनशे पौंडांची खंडणी पोचताच कुत्रा सुखरूप परत. एरवी खुनांचा छडा लावणारा हर्क्युल पायरो हे काम जरा नाक मुरडूनच हाती घेतो.

(ज्यांना कथा स्वतः वाचायची आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद हाताने झाकावा.)

चोर ती सोबतीणच. परक्या नजरेला सगळे पेकिनीज सारखेच दिसतात. मालकिणीचा कुत्रा ती आधीच आपल्या बिऱ्हाडी ठेवून येई आणि बागेत नेई तो स्वतःचा, एकटा घरी परतायला शिकलेला. हे कशासाठी? आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी सांभाळायची आणि स्वतःचे वय झाले, की रिकाम्या हाताने बाहेर पडायचे. त्यातून घरी आजारी बहीण. म्हणून अशा सोबतिणींनी मिळून ही गंगाजळी उभारलेली. बावळट समजून तिच्याकडे कुणी नीट पाहतच नसे, हेच तिचे हत्यार. पायरो पैसे परत करवतो, पण तिला पोलिसांच्या हवाली करीत नाही.

पुढच्या खेपेस आजींनी विचारले, “डॉक्टर, आमच्या मावशींच्या म्हातारपणाचं काय हो?” मावशी नेहमीप्रमाणे दाराशी फाइल घेऊन उभ्या होत्या. आजींच्या गोळ्यांच्या वेळा मी चार वर्षे त्यांनाच विचारीत आलो होतो. त्यांचा रक्तदाब मात्र कधी मोजला नव्हता. मोजला तो १७० आणि १००. आणखी दोन दिवशी मोजूनही फारसा फरक नाही. कंबरही दुखत होती, कारण आजींना पलंगावर वर सरकवण्याचे काम त्या एकट्याच करीत. मी तपासण्या करून औषध सुरू केले. सरकवण्यासाठी अंगाखाली दुमडलेली चादर घालावी आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी धरावी, हे आजींच्या मुलाला करून दाखवले. रविवारी मावशींना सुट्टी द्या, असेही त्याला जरा कडक शब्दांत सांगितले.

आपल्या घरीही अशा कुणी मावशी किंवा दादा असतील, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांचाही केसपेपर काढा. वय १८ ते ४० असेल आणि त्या आयकर भरत नसतील, तर बँकेत किंवा टपाल कार्यालयात त्यांच्या नावे अटल पेन्शन योजनेचे खाते उघडून द्या. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये, जसा हप्ता तसे निवृत्तिवेतन मिळते. चाळिशी ओलांडली असेल, तर टपाल खात्यातील आवर्ती ठेव तरी त्यांच्या स्वतःच्या नावे असावी. मालकिणीच्या कपाटातल्या पाकिटात नव्हे.

आजींनी ती कथा एका संध्याकाळी मावशींना मराठीत सांगितली. पट्टा कापला गेला, इथपर्यंत येताच मावशी म्हणाल्या, “बाई खोटं बोलतेय. मी तुम्हाला हाताला धरून चालवते ना? तुमचा हात जरा जरी सुटला, तरी न बघता कळतं मला.”