विषय भारी आहे भाऊ, पण गोष्ट कुठे आहे?

स्पष्टच लिहितोय. जळगाव-धुळ्यातल्या लेखकमित्रांना राग येईल, येऊ द्या.

आपल्याकडे पिक्चरची स्टोरी नाही असा माणूस सापडणं कठीण झालंय. पारोळ्याचे गुरुजी, शिरपूरचा मेडिकलवाला, चोपड्याचे वकीलसाहेब, भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेले काका. मी पत्रकार, म्हणजे मुंबईत माझी ओळख असणारच, असं धरून ही मंडळी माझ्याकडे येतात. ओळखबिळख काही नाही, पण मी चहा सांगतो आणि ऐकतो. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून माझं मत पक्कं झालंय. यातले बहुतेक लोक गोष्ट सांगतच नाहीत. ते विषय सांगतात.

"भाऊ, केळी उत्पादकांच्या व्यथेवर आहे." "आबा, स्वातंत्र्यलढ्यातल्या खान्देशच्या योगदानावर आहे." "शेतकरी आत्महत्येवर आहे, एकदम ज्वलंत."

मग मी विचारतो, "बरं, होतं काय त्यात?" इथे गाडी थांबते. मग वीस मिनिटं प्रस्तावना. तापीचं खोरं, अहिराणीचा गोडवा, आपल्यावर झालेला अन्याय. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "पण मुंबई-पुण्याचे लोक आपल्याला उभं करत नाहीत ना!"

हे वाक्य साफ खोटं नाही. तिकडे ओळखीवर कामं होतात. इथून एका भेटीसाठी जायचं तर रात्रीची गाडी, लॉजचं भाडं, दिवसभर थांबणं, आणि शेवटी "साहेब शूटला गेलेत" ऐकून परत. मराठी सिनेमात गाव म्हटलं की कोल्हापूर-सातारा धरून चालायचं, ही खोडही जुनीच. हे सगळं मान्य. पण ज्या दिवशी साहेब भेटतात आणि म्हणतात "सांगा, दहा मिनिटं आहेत", त्या दहा मिनिटांत आपण काय सांगतो? त्या दहा मिनिटांचं खापर मुंबईवर फोडता येणार नाही.

आपल्या आज्या गोष्ट सांगायच्या तेव्हा पोरं मध्येमध्ये एकच शब्द बोलायची. "मंग?" हा शब्द आला की आजी पुढे जायची. नाही आला तर तिला कळायचं, पोरं झोपली. निर्मात्यासमोर गोष्ट ऐकवताना यापेक्षा मोठी परीक्षा नसते. समोरच्याच्या मनात "मंग?" उठला पाहिजे. "केळी उत्पादकांची व्यथा" यावर कोणी "मंग?" म्हणत नाही. "हो ना, फार वाईट" म्हणतात आणि घड्याळ बघतात.

आता केळीचंच घ्या. रावेर-यावलच्या माणसाला हा धंदा तळहातासारखा माहीत आहे. समजा, एका शेतकऱ्याचे घड कापणीला आलेत. व्यापारी बोर्डावरच्या भावापेक्षा कमी देतोय. गावाने ठरवलंय की कमी भावात कोणी माल द्यायचा नाही, आणि त्या ठरावावर पहिली सही याच माणसाची आहे. पण कापूस घरात भरून ठेवता येतो, केळी थांबत नाही. चार दिवसांत माल झाडावरच पिवळा पडणार. रात्री अकरा वाजता व्यापाऱ्याचा फोन येतो: "नाना, गाडी पाठवतो, कोणाला कळणार नाही."

मंग?

बघा, व्यथा तीच आहे. भाव, व्यापारी, नाशवंत माल सगळं त्यात आलं. फक्त आता एक माणूस आहे, त्याला काहीतरी हवंय, त्याच्यासमोर अडचण आहे आणि त्याला सकाळपर्यंत ठरवायचंय. ही गोष्ट मुंबईत बसून कोणाला सुचणार नाही, कारण केळी थांबत नाही हे त्याला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. मग तुम्ही त्याला जिल्ह्यातल्या लागवडीचं क्षेत्र का सांगत बसता?

दुसरी चूक इतिहासाची. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला. साडेपाच लाखांची रक्कम, त्या काळातली. साताऱ्याच्या प्रतिसरकारची माणसं आणि आपल्याकडचे साथी यांनी मिळून केलेलं काम. यावर पिक्चर व्हावा असं मलाही वाटतं. पण जो येतो तो १८५७ पासून सुरू करतो. चिमठाण्याला पोहोचेपर्यंत चहा गार होतो. मी म्हणतो, त्या रात्रीपासून सुरू करा. समजा, कल्पनेतलं एक घर आहे. नवरा पहाटे एक जड पोतं आणून कणगीमागे ठेवतो आणि बायकोला म्हणतो, विचारू नको. सकाळी फौजदार दारात. आता बोलायचंय तिला. तिच्या भावाची सरकारी नोकरी आहे. अख्खा ४२ चा लढा त्या दारात उभा राहील, एकही भाषण न करता.

तिसरी चूक बिचाऱ्या नायकाची. आपला नायक इतका चांगला असतो की त्याला करण्यासारखं काही उरतच नाही. सावकार त्याला लुबाडतो, पाऊस दगा देतो, पुढारी फसवतो, आणि तो शेवटी गळ्यात दोर अडकवतो. दोन तास नुसता मार खातो. याला मी गोष्ट म्हणत नाही, हा पंचनामा झाला. पंचनामे मी रोज छापतो, मला माहीत आहे.

सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आठवा, २००९ चा. विषय विदर्भातल्या शेतकरी आत्महत्येचाच. पण त्यात बायको काय करते? शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर तिला धसका बसतो की आपला नवराही तेच करेल. मग ती त्याच्यावर पहारा ठेवते. पोराला बापाच्या मागे मागे पाठवते. नवऱ्याला कळत नाही, हे पोरगं सारखं मागे का फिरतंय. हसू येतं आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. ती बाई नुसती सोसत बसत नाही, काहीतरी करते. म्हणून आपण खुर्चीवर पुढे सरकून बसतो.

चौथी चूक संदेशाची. "यातून समाजाला काय संदेश जातो ते महत्त्वाचं", हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कानाला ऐकू येत नाही. ज्यांच्या नावाने आपण अमळनेरात कार्यक्रम करतो, त्या साने गुरुजींचं 'श्यामची आई' परत वाचा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक. त्याच्याइतका संदेश मराठीत दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल? पण गुरुजी संदेशापासून सुरुवात करत नाहीत. पोराला पाण्याची भीती वाटते, तो माळ्यावर लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि फटके देऊन विहिरीवर धाडते. आधी भित्रं पोरगं, आधी विहीर. संस्कार नंतर. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर सिनेमा काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई तर शाळेतही गेल्या नव्हत्या. त्यांनी सुगरणीचा खोपा पाहिला, मोट पाहिली, जातं पाहिलं, आणि जे म्हणायचं ते त्यातून म्हटलं. "स्त्रीजीवनाची कैफियत" असं मथळ्यात लिहून त्या सुरुवात करत नव्हत्या. हा वारसा सांगणारे आपण, आणि गोष्टीच्या पहिल्या वाक्यात संदेश देतो?

पाचवी चूक, आणि ही सगळ्यात जास्त नुकसान करते. "शेवट सांगत नाही भाऊ, चोरी होते." अरे, शेवट न सांगता कोण पैसे लावणार? बिनदरवाजाचं घर विकायला काढल्यासारखं हे. चोरीची भीती खोटी नाही. पण कायदा काय म्हणतो ते एकदा समजून घ्या. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलंय की नुसत्या कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो. ती कल्पना तुम्ही ज्या रीतीने मांडली, त्या मांडणीवर असतो. म्हणजे "केळीवर पिक्चर" हा विषय तुम्ही कितीही छातीशी धरा, तो तुमचा नाही. त्या रात्री अकराच्या फोनपासून सकाळपर्यंतची पानं तुम्ही लिहून काढली, तर ती तुमची. लिहा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते, तेवढा पुरावा हातात ठेवा. आणि मग शेवटासकट बिनधास्त ऐकवा. जे कागदावरच नाही त्याची राखण करत बसण्यात आपली उमर चालली.

सहावी चूक, "सैराटसारखं आहे". दोन जातींची पोरं पळून गेली की ती 'सैराट' होत नाही. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी कोणासारखं करायला न जाता आपल्या गावचा उजेड, आपल्या गावची शिवी, आपल्या गावची भीती पडद्यावर ठेवली. आपण त्यांच्यासारखं करायचंच असेल तर ते करावं. पण आपण काय करतो? नायक-नायिका पुणेरी बोलतात, आणि अहिराणी येते ती घरगड्याच्या, नाहीतर बेवड्याच्या तोंडी, हशा मिळवायला. 'हाई झुमका वाली पोर' राज्यभर लग्नांत वाजली, तेव्हा कोणाला भाषा अडली नाही. तरी आपल्याच नायिकेच्या तोंडात आपली भाषा द्यायला आपणच लाजतो. याला मुंबईने सांगितलं होतं का?

आता मालेगाव. जिल्हा नाशिक, पण धुळ्याहून तासाभराचा रस्ता. तिथल्या नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. मग 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. पैसे नाहीत, साधनं नाहीत, मुंबईत ओळख नाही. आपल्या सगळ्या सबबी त्यांच्याकडेही होत्या. फैजा अहमद खान तिथे गेल्या आणि २००८ मध्ये त्यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी आली. पुढे रीमा कागती यांनी त्याच माणसांवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' केला, वरुण ग्रोव्हर यांनी लिहिला. २०२४ मध्ये तो टोरंटोच्या महोत्सवात दाखवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरला लागला.

आम्हा पत्रकारांच्या लेखी मालेगावचा सिनेमा म्हणजे रविवारच्या पुरवणीचा "विषय" होता. बाहेरून आलेल्या बाईने त्यात गोष्ट पाहिली: यंत्रमागावर काम करणारा काडीसारखा शफीक, त्याला सुपरमॅन होऊन उडायचंय, आणि उडवायला यांच्याकडे धड साधन नाही. मंग? हे ऐकून कोण उठून जाईल? हाच शफीक पडद्यावर तंबाखूचं व्यसन पसरवणाऱ्या खलनायकाशी लढला आणि पुढे स्वतः कर्करोगाने गेला. असं काही माझ्या भागात घडत असताना ते ओळखायला कोणी बाहेरून यावं लागलं, हे मला बोचतं. तुम्हालाही बोचायला पाहिजे.

कारण प्रश्न एखाद्या पिक्चरचा नाही. जे आपण सांगणार नाही, ते दुसरा कोणीतरी सांगणार, त्याला जमेल तसं, त्याच्या भाषेत. नाहीतर कोणीच सांगणार नाही. रावेरचं पोरगं लहानपणापासून पडद्यावर ऊस पाहतं, केळीची बाग कधी पाहत नाही. साक्रीच्या पोरीला वाटतं, आपल्यासारखं बोलणारी बाई नायिका होऊच शकत नाही. हे नुकसान कुठल्या अनुदानाने भरून निघणार?

२०२४ मध्ये अमळनेरला ७२ वर्षांनी अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. मांडव झाला, भाषणं झाली, विद्रोही संमेलनही तिथेच झालं. छान झालं. उद्या कोणी उठून खान्देशात चित्रनगरी मागेल, आणि आपण निवेदन देऊन फोटो काढू. माझी मागणी फार स्वस्त आहे. जळगावचं व. वा. वाचनालय असो, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय असो, की तुमच्या तालुक्यातली कुठलीही खोली. महिन्यातून एक संध्याकाळ. पाच जणांनी उभं राहून पाच-पाच मिनिटांत आपली गोष्ट शेवटासकट सांगायची. सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही, प्रास्ताविक तर अजिबात नाही. ऐकणाऱ्यांनी एकच काम करायचं: जिथे मनात "मंग?" उठेल तिथे मोठ्याने म्हणायचं. जिथे कोणीच म्हणालं नाही, तिथून घरी जाऊन परत लिहायचं. सतरंजी आणि चहाचा खर्च माझ्याकडे लागला.

ज्यांना हे वाचून राग आलाय त्यांनी मला फोनवर झापू नका. खाली तीन वाक्यं लिहा. माणूस कोण? त्याला काय पाहिजे? आणि आज रात्रीच त्याचा निकाल का लागणार आहे? खान्देशचा इतिहास, संदेश, "ज्वलंत" हे शब्द वापरायचे नाहीत.

मी वाचतोय. आवडलं तर "मंग?" लिहीन. तेवढंच.