स्थूलपणा : पाप की व्याधी?

धर्मशिक्षणाच्या वर्गात सात मुख्य पातके आपण सर्वांनीच पाठ केली आहेत. खादाडपणा हे त्यांतील एक. त्यामुळेच की काय, एखादी अतिस्थूल भगिनी धापा टाकीत मिस्सेला आली, की मागल्या बाकावर कुजबूज सुरू होते, "काय खात असेल कोण जाणे!" वाचकहो, असा निवाडा देण्यापूर्वी तिच्या देहात काय चालले आहे हे पाहणे न्यायाचे होईल.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून 40 वा अधिक आकडा आला, म्हणजे वैद्यक त्यास तीव्र स्थूलता म्हणते. 155 सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन 97 किलो भरले, तर ती या गणतीत येते.

तेला-तुपातील स्निग्धांश व गरजेहून अधिक खाल्लेला भात-साखर यांचा शिल्लक भाग देह मेदाम्लांच्या रूपाने मेदपेशींत साठवितो. मेदपेशी ही देहाची कणगीच होय. कणगी शिगोशीग भरली की दाणे माजघरात सांडू लागतात; तद्वत् मेदाम्ले यकृतात व स्नायूंत जाऊन बसतात. तेथे ती इन्शुलिनचा हुकूम चालू देत नाहीत. रक्तातील साखर रक्तातच राहते, स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन पाझरून थकते, आणि मधुमेह घरात शिरतो.

इकडे फुगलेल्या मेदपेशींपर्यंत पुरेसा प्राणवायू पोचत नाही व काही पेशी मरतात. पायात काटा मोडला असता जसे देहाचे रक्षक धावून येतात, तसे ते येथेही जमतात. काट्याचा दाह चार दिवसांत शमतो. हा दाह मात्र वर्षानुवर्षे राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसतो. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कोणास कळत नाही. 1993 साली अमेरिकेत गोखान होतामिश्लिगिल, ब्रूस स्पीगलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, लठ्ठ उंदरांच्या मेदातूनच दाहकारक द्रव्य निघते, आणि ते निष्प्रभ केले असता इन्शुलिन अधिक चांगले काम करू लागते. तोवर मेद म्हणजे मुकाट पडून राहिलेला साठा, अशीच बहुतेकांची समजूत होती.

पुढल्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिन सापडले. "पुरे झाले" हा निरोप मेद याच्याच द्वारे मेंदूस धाडतो. बहुतेक अतिस्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, परंतु मेंदू निरोप ऐकत नाही. ज्याची भूकच खोटी साक्ष देते, त्याला सरसकट खादाड कसे म्हणावे?

मागल्या बाकावरील सडपातळ मंडळींनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. वजन-उंचीचा आकडा दोघांचा सारखाच, 22.3, परंतु युडकिन यांच्या देहात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या देहात 21.2 टक्के! आपल्या लोकांत मेद पोटात दडून बसतो. म्हणून कमरेला फीत लावावी. पुरुषांची 90 व स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

आहाराविषयी थोडेसे. तारली-बांगड्यातील मेदाम्ले दाह शमविणाऱ्या जातीची आहेत. कालवणातून ती अवश्य घ्यावीत. वनस्पती तूप वा वारंवार तापविलेले तेल टाळावे. केवळ मासळीने वजन उतरते असे मात्र नव्हे. 97 किलोतील पाच-सात किलो जरी हळूहळू उतरले, तरी साखर व यकृतावरील मेद यांत फरक पडतो, मग आरशात तो दिसो वा न दिसो. तीव्र स्थूलतेत पुष्कळदा औषधे वा शस्त्रक्रियाही लागते, आणि ती घेण्यात लाज कसली?

उपवासकाळाविषयी एक सूचना. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी उपवासाचे बंधन आजाऱ्यावर नाही. इन्शुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण सोडल्यास साखर एकाएकी घसरून मूर्च्छा येऊ शकते. अशांनी आधी डॉक्टरांना भेटावे, आणि उपवासाऐवजी कोणते प्रायश्चित्त करावे ते आपल्या धर्मगुरूंना विचारावे.